बंद मिलमधल्या माणसांचे काम कसे नोंदवावे

मुंबईचा माणूस गिरणी म्हणतो, नागपूरचा माणूस मिल म्हणतो, आणि नागपुरात नुसते ‘मिल’ म्हटले तरी जुन्या पिढीच्या डोळ्यांपुढे बहुधा एम्प्रेस मिलच येते. या मिलचा मालकाच्या बाजूचा इतिहास सहज सापडतो. जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये कंपनी काढली. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले त्याच दिवशी, सुमारे ३० हजार चात्या (सूत कातणारी टोके) आणि ४५० माग घेऊन मिल सुरू झाली. बेझनजी मेहता यांनी ती अनेक वर्षे सांभाळली आणि त्यांचे नाव बेझनबागेच्या रूपाने शहरात आजही घेतले जाते. मात्र सूत कातणाऱ्या रिंग खात्यातल्या माणसाने तुटलेली तार, म्हणजे सुताचा धागा, कशी सांधली, पाळी संपेपर्यंत त्याच्या पायांचे काय होई, डबा तो कोणाबरोबर खाई, हे पुष्कळदा त्याच्या घरातल्यांनाही ठाऊक नसते. ते नोंदवण्याची एक रीत येथे सांगितली आहे. ती एम्प्रेस मिलला जशी लागू पडते तशीच मॉडेल मिलला किंवा हिंगणा एमआयडीसीतल्या बंद पडलेल्या एखाद्या कारखान्यालाही लागू पडेल. खात्यांची नावे तेवढी बदलावी लागतील.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढची सारी मांडणी तिच्यावर उभी आहे. मिल कशी बंद पडली हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारू नये. ती हकिकत कामगाराने युनियनच्या सभेत, वकिलापुढे, वार्ताहरापुढे इतक्यांदा सांगितलेली असते की ती पाठ झालेली असते. त्याने केलेल्या कामाविषयी मात्र त्याला कोणी विचारलेले नसते. माझ्या पहिल्या मुलाखतीत मी नेमकी हीच चूक केली आणि पाऊण तास थकबाकीचा हिशेब ऐकला. हिशेब खरा होता, त्यामागचा संतापही खरा होता, पण ते गृहस्थ बत्तीस वर्षे मिलमध्ये काय करत होते ते मला घरी परतताना सांगता आले नसते. दुसऱ्या वेळी मी विचारले, “काकाजी, पाळीवर गेल्यावर हात पहिल्यांदा कुठे जायचा?” ते खुर्चीवरून उठले आणि त्यांनी हवेत बोटे फिरवून दाखवली.

संपूर्ण मिल नको, एक खाते घ्या

संपूर्ण मिलचा इतिहास लिहायला निघालेली माणसे सहसा दोन महिन्यांत थकतात. त्यापेक्षा एक खाते, एक वस्ती किंवा एक घर निवडावे. माझा कल खात्याकडे आहे, कारण कामगाराची ओळख मिलपेक्षाही खात्याशी घट्ट बांधलेली असते. “मी मिलमध्ये होतो” असे तो परक्याला सांगतो. जुन्या सोबत्याला तो “मी कार्डिंगचा” किंवा “मी लूमवरचा” असे सांगतो.

मुलाखतीला जाण्यापूर्वी कापसाचे कापड कसे होते, हे ढोबळ मानाने समजून घ्यावे. गाठी फोडून कापूस मोकळा करायचे आणि त्यातला कचरा काढायचे काम ब्लो रूममध्ये चाले. कार्डिंगमध्ये तंतू विंचरून त्यांचा पेळू निघे. पुढे तो ओढून बारीक करत रिंग फ्रेमवर पीळ देऊन सूत कातले जाई. तेथे तार सांधणारा साइडर आणि भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या चढवणारा डॉफर अशी कामाची वाटणी असे. सूत गुंडाळण्याचे वाइंडिंग, ताणा लावण्याचे वार्पिंग आणि खळ देण्याचे सायझिंग यांतून गेल्यावर सूत मागावर पोहोचे, आणि विणलेले कापड फोल्डिंगमध्ये तपासून त्याचे ताके बांधले जात. याखेरीज बॉयलर, मेकॅनिक, सुतारकाम, गोदाम, कॅन्टीन, दवाखाना आणि गेटवरचे पहारेकरी असत. हे सारे मिलचेच होते, पण लिहिताना त्यांना सहज विसरले जाते.

एवढे माहीत असले की प्रश्न नेमके होतात. सुताच्या नंबराचेच पाहा. ८४० याराची एक लड, अशा जितक्या लडी एका पौंडात बसतील तितका सुताचा नंबर. म्हणजे वीस नंबरी सूत जाड आणि ऐंशी नंबरी बारीक. “तुमच्या साच्यावर (यंत्रावर) किती नंबरचे सूत चालायचे आणि कोणत्या नंबरला तार जास्त तुटायची?” असे विचारले की समोरच्याला कळते की ऐकणाऱ्याला ऐकण्यात रस आहे. मग तो उन्हाळ्यातली कोरडी हवा, खात्यात सोडला जाणारा पाण्याचा फवारा आणि त्या दमट उकाड्यात भिजलेले बनियन, असे आपोआप सांगत जातो. नागपूरच्या मे महिन्यात बाहेरची हवा कोरडी आणि आतली दमट, हा फरक ज्याने अंगावर घेतला तोच नीट सांगू शकतो.

ट्रंकेतले कागद

भेटीपूर्वी किंवा पहिल्या भेटीत घरातले कागद पाहण्याची विनंती करावी. हजेरीचे कार्ड, पगाराची चिठ्ठी, कामगार विम्याचे कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची पावती, नोकरीचा दाखला, युनियनची वर्गणी पावती, खात्यातल्या लोकांचा एखादा समूह फोटो, निवृत्तीला मिळालेले घड्याळ, पितळी बिल्ला असे काहीही निघू शकते. नागपुरात कामगार विमा योजना १९५४ मध्ये आली, त्यामुळे तिच्या जुन्या कार्डांवर कधी कधी नोकरीचा काळ आणि कुटुंबातली नावे दोन्ही मिळतात. हजेरीच्या कार्डावरचा तिकीट नंबर जरूर टिपून घ्यावा. पुष्कळांना स्वतःच्या मुलांच्या जन्मतारखा आठवत नाहीत, पण तिकीट नंबर झोपेतून उठवून विचारला तरी सांगतात.

कागद घरी नेऊ नयेत. तेथेच, खिडकीजवळच्या सावलीतल्या उजेडात, कागद सपाट ठेवून फोनने सरळ वरून फोटो घ्यावेत. मागच्या बाजूला काही लिहिले असेल तर तिचाही घ्यावा. जुने फोटो स्कॅन करायला मिळाले तर ६०० डीपीआयवर करावेत. कोणी प्रेमाने लॅमिनेशन करून देऊ पाहील, त्याला थांबवावे. ते पुन्हा निघत नाही आणि कागद आतल्या आत खराब होतो. कोणत्या फोटोत कोण उभे आहे ते त्याच बैठकीत लिहून घ्यावे, डावीकडून उजवीकडे, ओळीनुसार. पुढच्या वेळी विचारू म्हणून ठेवलेल्या फोटोंतली नावे मी दोनदा गमावली आहेत, कारण पुढची वेळ आलीच नाही. छापताना बँक खाते, आधार आणि फंडाचा क्रमांक झाकावा.

कोणाला भेटायचे

युनियनमध्ये पुढे असलेले कामगार लगेच सापडतात आणि चांगले बोलतात, म्हणून बहुतेक नोंदी त्यांच्याच होतात. त्यांना जरूर भेटावे, पण त्यांच्याकडूनच पुढची नावे घेताना प्रश्न बदलावा. “आणखी कोण बोलेल?” असे विचारले तर आणखी एक पुढारी मिळतो. “तुमच्या शेजारच्या साच्यावर कोण होते? बदलीवर कोण यायचे? तुमच्या खात्यात झाडू कोण मारायचे?” असे विचारले की दुसरी माणसे पुढे येतात.

बदली कामगारांकडे विशेष लक्ष द्यावे. रोज पाळीच्या वेळी गेटवर उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर आत जायचे, नाहीतर डबा घेऊन परत, अशी वर्षे काढलेल्या माणसाची कागदावरची नोकरी थोडी आणि आयुष्यातली फार मोठी असते. काम न मिळालेल्या दिवशी तो कोठे जाई, घरी काय सांगे, कायम होण्यासाठी कोणाचे उंबरठे झिजवावे लागत, हे त्याच्याकडूनच कळते.

स्त्रियांचेही तसेच. सूत गुंडाळण्याच्या आणि लडी करण्याच्या खात्यांत त्या मोठ्या संख्येने असत. १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांना रात्री सात ते सकाळी सहा या वेळेत कामावर ठेवण्यास बंदी होती. पाळ्या आणि यंत्रे बदलत गेली तशा स्त्रियांच्या जागा कोणत्या वर्षांत कमी झाल्या, हे एकेका खात्यापुरते विचारून पाहण्यासारखे आहे. जी आजी “मी कुठे कामाला होते, मी तर चार वर्षे फक्त वाइंडिंगवर होते” असे म्हणते, तिच्याकडे दोन तास राखून जावे. मिलमध्ये कधीच न गेलेल्या पत्नीचीही एक बैठक घ्यावी. तीन पाळ्यांच्या घरात स्वयंपाकाची वेळ, मुलांचा अभ्यास आणि दिवसा झोपलेल्या माणसासाठी पाळलेली शांतता यांचे वेळापत्रक तिनेच चालवलेले असते.

भेट आणि प्रश्न

एका वेळी दीड तासापेक्षा जास्त बसू नये, आणि एकाच माणसाकडे निदान दोनदा जावे. पहिल्या भेटीनंतर रात्री त्याला जे आठवते ते पहिल्या भेटीत आलेल्या गोष्टींहून मोलाचे असते.

बैठकीची सुरुवात एका साध्या दिवसापासून करावी. पहिल्या पाळीचा भोंगा वाजायच्या आधी घरात काय हालचाल असे, गोळीबार चौकातून, पाचपावलीतून किंवा इंदोऱ्यातून मिलपर्यंत पायी की सायकलने, वाटेत कोण भेटे, गेटवर झडती होई का, कपडे कोठे बदलत, पहिला आवाज कोणता, पहिला वास कोणता. तेथून हाताच्या कामावर यावे: काय उचलायचे, कशाला स्पर्श करायचा नाही, शिकवले कोणी, शिकायला किती दिवस लागले, कोणती चूक झाली की मुकादम ओरडे. शक्य असेल तर करून दाखवायला सांगावे आणि फक्त हातांचे चित्रीकरण करावे. मागखात्यात आवाजामुळे बोलणे अशक्य असे, त्यामुळे तेथील कामगार ओठ वाचत आणि खुणांनी बोलत. त्या खुणा दोन जुन्या सोबत्यांना समोरासमोर बसवून चित्रित केल्या तर लेखात कधी उतरणार नाही असे काहीतरी हाती लागते.

शरीराविषयी विचारायला संकोचू नये. ब्लो रूम आणि कार्डिंगमध्ये कापसाची धूळ छातीत जाई आणि त्यातून बिसिनोसिस नावाचा फुप्फुसाचा विकार होई. सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळणे हे त्याचे ओळखीचे लक्षण आहे. “सुटीच्या दुसऱ्या दिवशी कसे वाटायचे?” एवढाच प्रश्न विचारावा आणि थांबावे. रोगाचे नाव आपण पुरवले तर पुढचे उत्तर आपलेच होते.

वर्षांच्या बाबतीत स्मृती फसवी असते, म्हणून वर्ष थेट विचारण्याऐवजी नागपूरकराला पक्क्या ठाऊक असलेल्या खुंटीला प्रसंग टांगावा. लागलात तेव्हा बाबासाहेबांची दीक्षा झाली होती का, म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ च्या आधी की नंतर? आणीबाणीत कोणत्या पाळीला होता? मोवाडचा पूर आला तेव्हा, म्हणजे जुलै १९९१ मध्ये, कायम झाला होता की बदलीवर होता? गोवारींची चेंगराचेंगरी झाली त्या नोव्हेंबर १९९४ मध्ये पगार वेळेवर होत होता का? वर्षातला महिना पोळा, मारबत आणि दिवाळीच्या बोनसावरून नीट लागतो.

मिल बंद होण्याची तारीखही अशीच तपासून घ्यावी लागते. एम्प्रेस मिल टाटांच्या हातून १९८६ मध्ये गेली, नंतर राज्य वस्त्रोद्योग महामंडळाने ती चालवली आणि २००२ मध्ये ती बंद झाली. त्यामुळे ‘मिल गेली’ हे शब्द एक जण १९८६ साठी वापरतो आणि दुसरा २००२ साठी, तर तिसऱ्याच्या लेखी ती शेवटचा पगार हातात पडला त्या दिवशी गेलेली असते. तिघांनाही दुरुस्त करू नये. प्रत्येकाने कोणता दिवस बंद होण्याचा मानला हे त्याच्या शब्दांत लिहून ठेवावे आणि कंसात आपण पडताळलेले वर्ष द्यावे.

नाजूक गोष्टी

जात हा विषय टाळून मिलचा इतिहास लिहिता येत नाही. जुन्या मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्या उष्ट्या धोट्याचे कारण पुढे करून अनेक गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांना जास्त मजुरीच्या विणकाम खात्यापासून दूर ठेवले जाई. ते कताईच्या खात्यांत राहत. मुंबईच्या १९२८च्या संपाच्या काळात बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला होता. नागपुरात आजच्या वृद्धांच्या पिढीला यातले काय अनुभवास आले आणि काय फक्त वडिलांकडून ऐकले, हे वेगवेगळे विचारावे. पाणी, डबा आणि बसण्याची जागा यांविषयीचे प्रश्न विचारणाऱ्याच्या आडनावावरही अवलंबून असतात, हे मान्य करून शक्य तर वस्तीतल्याच तरुणाला सोबत घ्यावे. हातमाग सोडून मिलमध्ये शिरलेल्या कोष्टी-हलबा घरांची हकिकत निराळी असते. घरच्या मागावरचा मालक आणि मिलच्या मागावरचा मजूर यांत काय फरक वाटला, हा प्रश्न त्यांना जरूर विचारावा.

मुकादमाला दिलेले पैसे, संपात फुटलेले लोक, दारू, अपघात, आत्महत्या हेही बोलण्यात येते. हयात माणसांवर आरोप असलेला भाग नाव काढूनही ओळखू येत असेल तर तो पुस्तिकेत घेऊ नये; ध्वनिमुद्रणात राहू द्यावा. संमतीचा कागद मराठीत, अर्ध्या पानाचा आणि मोठ्या अक्षरांत असावा. मी वापरतो तो मजकूर असा: “माझ्या मिलमधील कामाविषयी मी सांगितलेल्या माहितीचे ध्वनिमुद्रण व लेखी उतारा माझ्या नावासह / नावाशिवाय पुस्तिकेत वापरण्यास माझी संमती आहे. छापण्यापूर्वी मजकूर मला वाचून दाखवला जाईल आणि त्यातील कोणताही भाग वगळण्याचा अधिकार मला राहील.” हा कागद बैठक संपल्यावर सही करून घ्यावा, कारण आधी सही करणाऱ्याला आपण काय बोलणार आहोत हे माहीत नसते.

ध्वनिमुद्रण, उतारा आणि बोली

फोन पुरेसा असतो. तो विमान मोडवर टाकून समोरच्या माणसाच्या हातभर अंतरावर, टेबलावर घडी केलेल्या टॉवेलवर ठेवावा आणि एक मिनिट मुद्रण करून ऐकून पाहावे. कूलर बंद करावा लागतो, म्हणून एप्रिल-मे टाळावा किंवा सकाळी आठ वाजता जावे. फाइलला तारीख, तिकीट नंबर आणि खाते असे नाव द्यावे, आणि त्याच रात्री तिच्या तीन प्रती कराव्यात, त्यांतली एक दुसऱ्याच्या घरी.

उतारा करायला वेळ लागतो. तासाभराच्या बोलण्याला पाच-सहा तास धरावेत. संगणकाकडून केलेला उतारा नागपुरी बोलीपुढे अडखळतो, तेव्हा तो कच्चा समजून पुन्हा ऐकावा. बोली सुधारू नये. “कायले जाचं होतं बाप्पा, पन जा लागे” या वाक्याचे “कशाला जायचे होते, पण जावे लागे” असे केले की माणूस निघून जातो आणि अर्थ तेवढा उरतो. पुस्तिकेतली आपली वाक्ये प्रमाण मराठीत आणि कामगारांची त्यांच्या बोलीत, असे ठेवावे. खात्यातल्या शब्दांची एक वेगळी वही करावी. बॉबिन, कांडी, धोटा, फणी, साचा हे शब्द कोशात सापडतील, पण तुमच्या मिलमध्ये एखाद्या यंत्राला किंवा साहेबाला ठेवलेले टोपणनाव फक्त त्या वहीतच राहील.

जागेवर जाणे आणि कागदांशी ताडणे

चालू शकणाऱ्या दोन-तीन जुन्या कामगारांना एकदा जागेवर न्यावे. एम्प्रेस मिलच्या जागी आज मॉल आहे. गांधीसागर, म्हणजे जुम्मा तलावाच्या बाजूने चालत जाऊन ते कोठे थांबतात ते पाहावे आणि कोऱ्या कागदावर त्यांच्याकडूनच गेट, खाती, सायकल स्टँड आणि चहाची टपरी मांडून घ्यावी. दोघांचे नकाशे जुळत नाहीत तेथे त्यांच्यात होणारा वाद मुद्रित करण्यासारखा असतो. घरी बसून जी नावे आठवली नाहीत ती पार्किंगच्या तोंडाशी उभे राहून आठवलेली मी ऐकली आहेत.

कागदोपत्री ताळा घेण्यासाठी राज्य पुराभिलेख विभागाचे नागपूर कार्यालय, टाटा समूहाचे पुण्यातले अभिलेखागार आणि १९११ पासून निघणारे ‘हितवाद’ हे इंग्रजी वृत्तपत्र यांच्या जुन्या फायली उपयोगी पडतात. शोधताना एक ध्यानात ठेवावे: नागपूर १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते, म्हणून त्या काळचे कामगारविषयक अहवाल आणि कायदे त्या नावांखाली मिळतात, मुंबई प्रांताच्या कागदांत ते शोधत बसल्यास दिवस वाया जातात. कामाच्या तासांचा आठवणींशी मेळ घालायचा असेल तर कायद्याने ठरवलेली मर्यादा जवळ असावी: १९२२ पासून आठवड्याला ६० तास, १९३४ च्या कायद्याने ५४, आणि १९४६ पासून ४८. एखाद्याचे वडील दहा तास काम करत, असे तो म्हणाला तर तो अतिशयोक्ती करतो आहे असे समजू नये. ते कोणत्या वर्षी, एवढेच विचारावे.

परत देणे

पुस्तिका चाळीस पानांची पुरे. खात्यांच्या क्रमाने, कापसापासून ताक्यापर्यंत मांडणी केली की वाचणारा मिलमधून चालत जातो. अक्षर मोठे ठेवावे, कारण पहिले वाचक सत्तरी ओलांडलेले आहेत. छापण्याआधी प्रत्येकाला त्याचा भाग घरी जाऊन वाचून दाखवावा, आणि त्या वेळी घरातली नातवंडे समोर असतील असे पाहावे. एक प्रत वस्तीतल्या वाचनालयात आणि एक विदर्भ साहित्य संघासारख्या संस्थेच्या ग्रंथालयात द्यावी. मूळ ध्वनिमुद्रण मात्र पेन ड्राइव्हवर त्या त्या घरी पोहोचवावे.

शेवटची सहा पाने कोरी सोडावीत आणि पुस्तिका देताना सोबत पेन द्यावे. पंधरा दिवसांनी पुन्हा त्या घरी जावे. मी गेलो तेव्हा एका काकाजींनी त्या पानांवर रिंग खात्यातल्या अठ्ठावीस जणांची नावे तिकीट नंबरांसह लिहून ठेवली होती, आणि वारलेल्यांच्या नावांपुढे फुली न मारता त्यांची पाळी लिहिली होती.